माइहामाचे दार

टोकियो डिस्नेलँड टोकियोत नाही. टोकियो महानगराची पूर्वेकडची हद्द एका नदीपाशी संपते. त्या नदीपलीकडे चिबा प्रांतातील उरायासु हे गाव लागते आणि त्याच्या समुद्राकडील कडेला, भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर, १५ एप्रिल १९८३ रोजी हे उद्यान सुरू झाले. त्यापूर्वी उरायासु मासेमारीवर जगणारे साधे गाव होते. आज माइहामा स्थानकात गाडी थांबली की डिस्नेच्या चित्रपटातील धून वाजते, स्थानकाबाहेर पडल्यावर समोरून जाणाऱ्या मोनोरेलच्या खिडक्याही मिकी माउसच्या आकाराच्या दिसतात आणि सकाळी आठच्या सुमारास फलाटावरून उतरणारा माणसांचा लोंढा एकाच दिशेने चालू लागतो.

नदीच्या अलीकडे, टोकियोच्या एदोगावा प्रभागात, निशी-कासाई ही वस्ती आहे. माहिती-तंत्रज्ञानाच्या निमित्ताने गेलेली भारतीय कुटुंबे येथे मोठ्या संख्येने राहतात. भारतीय किराणा मालाची दुकाने आहेत, शाळा आहेत. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ साली याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले होते. माझी कन्या व जावई याच भागात राहतात. त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरात महिनाभर मुक्काम झाला, आणि निशी-कासाईत मुक्काम झालेल्या कोणत्याही आजी-आजोबांना जे चुकत नाही ते आम्हांलाही चुकले नाही. नातीने डिस्नेलँडचा दिवस कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवला होता.

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची नजर राजवाड्यापेक्षा काउंटरवर आधी जाते, हा व्यवसायदोष म्हणा. या उद्यानात मला सर्वांत मोठे नवल वाटले ते तेथील माणसे मोजण्याच्या, थोपवण्याच्या आणि वाटून देण्याच्या पद्धतीचे. रांगेच्या शेवटी एक कर्मचारी हातात पाटी धरून उभा असतो; पाटीवर लिहिलेले असते, ‘रांगेचा शेवट येथे’. प्रत्येक खेळाच्या दारावर प्रतीक्षेची मिनिटे दिसतात, तीच भ्रमणध्वनीवरही दिसतात. मिरवणुकीच्या आधी लोक सतरंजीसारख्या पातळ चादरी अंथरून बसतात. पुढचे बसलेले, मागचे उभे, हा क्रम कोणी मोडत नाही. मिरवणुकीचा मार्ग ओलांडण्यासाठी ठरावीक जागा आहेत आणि तेथे लाल दांड्या घेतलेले तरुण-तरुणी माणसांचे प्रवाह एकमेकांत मिसळू देत नाहीत. खोळंबलेल्या मुलांची करमणूक म्हणून झाडूवाला आपला झाडू पाण्यात बुडवून फरशीवर मिकीचे चित्र काढून दाखवतो. ते चित्र दोन मिनिटांत वाळून जाते.

हे सारे पाहताना एक साधे गणित मनात घोळत होते. व्यापारी वाचकांना ते लगेच उमगेल. समजा, एका झुलत्या रेल्वेच्या खेळात गाडीत ३० माणसे बसतात आणि दर दीड मिनिटाला एक गाडी सुटते. तासाला चाळीस गाड्या, म्हणजे १,२०० माणसे. बारा तासांत १४,४००. त्या दिवशी उद्यानात ४५,००० माणसे असतील तर एक-तृतीयांश लोकांनाही हा खेळ एकदासुद्धा मिळणार नाही, मग रांगेची शिस्त कितीही उत्तम असो. आता असे बारा खेळ आहेत आणि प्रत्येकाची सरासरी क्षमता तासाला १,५०० आहे असे धरू. दिवसभरात एकूण २,१६,००० जागा होतात. ४५,००० माणसांत त्या वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचही खेळ येत नाहीत. ३०,००० माणसांत वाटल्या तर सातांहून अधिक येतात. यंत्रे तीच, कर्मचारी तेच, वीजही जवळजवळ तेवढीच. बदलले आहे ते फक्त दाराशी किती तिकिटे फाडली हे. उरलेला माल गोदामात ठेवून उद्या विकता येतो. रिकामी गेलेली गाडी उद्या विकता येत नाही, आणि भरलेली गाडी ताणून मोठी करता येत नाही. या धंद्याची सारी अडचण त्या दोन वाक्यांत आहे.

ही अडचण पहिल्या दिवसापासूनची आहे. कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे मूळचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी, रविवारी, निमंत्रितांसाठी उघडले तेव्हा बोलावलेल्यांपेक्षा कितीतरी अधिक, सुमारे २८,००० लोक आत आले. बनावट निमंत्रणपत्रिका छापल्या गेल्या होत्या. एका इसमाने कुंपणाला शिडी लावून माणशी पाच डॉलर घेतल्याची हकीकत आजही सांगितली जाते. उन्हाचा कहर होता, नुकतेच घातलेले डांबर मऊ पडून बायकांच्या उंच टाचा त्यात रुतत होत्या. नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पाण्याच्या तोट्या आणि शौचालये यांपैकी एकच वेळेत पूर्ण होणार होते. वॉल्ट डिस्ने यांनी शौचालये निवडली. नदीतील आगबोट प्रमाणाबाहेर भरल्याने तिच्या डेकवर पाणी चढले. हे सर्व दूरचित्रवाणीवरून देशभर थेट दाखवले जात होते. एवढे होऊनही सात-आठ आठवड्यांत दहा लाख लोक येऊन गेले. गर्दी ही बदनामी असते आणि जाहिरातही असते, हे या व्यवसायाला तेव्हाच कळले असावे.

त्यानंतर आले तिकीटपुस्तक. त्यात ए, बी, सी अशी कूपने असत. पुढे डी आणि १९५९ मध्ये ई हे कूपन आले. सर्वांत लोकप्रिय खेळ ई कूपनावर, साधे खेळ ए कूपनावर. हे मला फार हुशारीचे वाटते. पुस्तकातील ई कूपने संपली की माणूस उरलेली ए आणि बी वाया जाऊ नयेत म्हणून आपोआप रिकाम्या खेळांकडे वळत असे. पैसे आधीच दिलेले, कूपन हाती उरलेले, मग ते वापरल्याशिवाय घरी कोण जाईल? ग्राहकाला न दुखावता गर्दी पसरवण्याची ही पद्धत अमेरिकेत १९८२ पर्यंत चालली, आणि सुरुवातीची काही वर्षे टोकियोतही कूपने होती. एकाच तिकिटात सर्व खेळ, अशी पद्धत रूढ झाल्यावर हे बंधन गेले आणि प्रत्येक जण सकाळी दार उघडताच त्याच चार खेळांकडे धावू लागला.

त्यावर १९९९ मध्ये फ्लोरिडात आणि पुढच्या वर्षी टोकियोत ‘फास्टपास’ आला. यंत्रात तिकीट घालावे, ठरावीक वेळेची चिठ्ठी घ्यावी, तोवर हिंडावे आणि वेळेवर परत यावे. आमच्या काळी बँकेत पितळी टोकन देत असू, तसाच हा प्रकार. टोकन घेऊन खातेदार बाकावर बसे किंवा समोरच्या दुकानात जाऊन येई. पण टोकनामुळे रोखपालाचा हात काही वेगाने चालत नसे. फास्टपासचेही तेच झाले. रांगेत उभा असलेला माणूस रांगेतून मोकळा झाला, पण उद्यानातून गेला नाही. तो रस्त्यावर, दुकानात, पॉपकॉर्नच्या गाडीपुढे आला. ज्यांनी चिठ्ठी घेतली नव्हती त्यांची रांग अधिक हळू सरकू लागली. एकूण जागा होत्या तेवढ्याच राहिल्या. (दुकानांची विक्री मात्र वाढली असणार, आणि ते कोणाला अप्रिय नव्हते!)

दार वेळेवर बंद करणे हा एकच खरा उपाय उरतो. पण तोही नीट केला नाही तर काय होते याचे उदाहरण हाँगकाँगचे आहे. तेथील डिस्नेलँड १२ सप्टेंबर २००५ रोजी सुरू झाले. दिवसाची मर्यादा ३०,००० होती. उद्घाटनाआधी स्थानिक लोकांना बोलावून रंगीत तालीम घेतली, तेव्हा जवळपास तेवढेच लोक आले आणि काही खेळांना दोन-दोन तास लागले. मर्यादा कमी करा, अशी मागणी झाली. व्यवस्थापनाने मर्यादा तशीच ठेवून अन्य उपाय केले. मग २००६ चे चिनी नववर्ष आले. तिकिटे अशी विकली होती की सहा महिन्यांत कोणत्याही दिवशी चालतील. मुख्य भूमीवरील चिनी कुटुंबांची सुट्टी हाँगकाँगच्या सुट्टीपेक्षा लांब असते, आणि हे सर्व लोक पाठोपाठच्या दिवशी दाराशी आले. उद्यान भरले, दार बंद झाले. बाहेर शेकडो कुटुंबे, प्रत्येकाच्या हातात पैसे देऊन घेतलेले तिकीट. काहींनी लोखंडी कुंपण चढून आत उड्या मारल्या, काहींनी लहान मुलांना कुंपणावरून पलीकडच्यांच्या हाती दिले. ती छायाचित्रे जगभर छापून आली.

येथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. दिनांक नसलेले तिकीट म्हणजे मागताक्षणी देय असलेली ठेव आहे. सर्व ठेवीदार एकाच सकाळी येणार नाहीत या भरवशावर ती घेतलेली असते. बँकेला त्यासाठी राखीव रोकड ठेवावी लागते, वरून मध्यवर्ती बँकेचा आधार असतो. उद्यानाकडे यांतले काहीच नसते. त्यामुळे दिनांकित तिकीट हाच प्रामाणिक व्यवहार. हाँगकाँगच्या व्यवस्थापनाने नंतर माफी मागितली आणि तिकिटांचे नियम बदलले. चीनने २०१३ च्या पर्यटन कायद्यातच पर्यटनस्थळांनी आपली कमाल धारणक्षमता जाहीर करावी आणि ती ओलांडू नये असे बंधन घातले. शांघायचे डिस्नेलँड करोनाच्या बंदनंतर ११ मे २०२० रोजी उघडले तेव्हा सरकारने दिवसाला २४,००० माणसांची, म्हणजे नेहमीच्या क्षमतेच्या तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. क्षमतेचा आकडा जाहीर असला की त्याचे टक्के काढता येतात. गुप्त असेल तर ग्राहकाने काय मोजायचे?

मर्यादेचा विचार आपण सहसा सोयीच्या अंगाने करतो: रांग किती, पाय किती दुखले. माइहामाला तिचा दुसरा अर्थ ठाऊक आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास पूर्व जपानचा महाभूकंप झाला तेव्हा डिस्नेलँड आणि शेजारचे डिस्नेसी या दोन्ही उद्यानांत मिळून सुमारे ७०,००० माणसे होती. भरावाची जमीन थरथरली, उरायासुत ठिकठिकाणी जमिनीतून चिखलपाणी उफाळून वर आले, रेल्वे बंद पडल्या. उद्यानातील बहुतांश कर्मचारी हंगामी, विशी-बाविशीतील. त्यांनी दुकानांतील मऊ बाहुल्या काढून लोकांना दिल्या, डोक्यावर धरा म्हणून. विक्रीसाठी ठेवलेला खाऊ वाटला. थंडी आणि पाऊस होता. पुठ्ठ्याची खोकी आणि प्लास्टिकच्या पिशव्या अंगावर घ्यायला दिल्या. सुमारे २०,००० लोकांनी ती रात्र तेथेच काढली. कोणत्या मालाची विक्री झाली आणि कोणता माल फुकट गेला याचा हिशेब त्या रात्री कोणी मागितला नाही. डिस्नेलँड पुन्हा उघडले ते १५ एप्रिलला, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी.

त्या रात्री ७०,००० ऐवजी दीड लाख माणसे आत असती तर? बाहुल्या, खोकी, खाऊ, छत, शौचालये, सारेच मोजके असते. दाराशी ठरवलेली संख्या म्हणजे आपत्तीत आपण किती जीवांची जबाबदारी घेऊ शकतो याची कबुली असते. तिकिटाच्या दरापेक्षा हा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

दरांकडे मात्र वळावेच लागेल, कारण टोकियोची पुढची गोष्ट तेथेच आहे. हे उद्यान डिस्ने कंपनीच्या मालकीचे नाही. ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवान्यावर ते चालवते. तिचे आर्थिक वर्ष आपल्यासारखेच एप्रिल ते मार्च. २०१८-१९ या वर्षात दोन्ही उद्यानांना सव्वातीन कोटींहून अधिक लोकांनी भेट दिली, हा उच्चांक होता. आणि तक्रारीही तेवढ्याच होत्या. मग फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस करोनामुळे दारे बंद झाली ती चार महिन्यांनी, १ जुलैला, अगदी थोड्या लोकांसाठी उघडली. तिकीट दिनांकितच झाले. वार्षिक पास रद्द झाले. कमी माणसांत उद्यान कसे दिसते हे लोकांनी पाहिले, आणि कमी माणसांत हिशेब कसा जमवता येईल हे कंपनीने पाहिले. पुढच्या योजनेत तिने दिवसाची कमाल संख्या पूर्वीपेक्षा कमी ठेवण्याचे धोरण उघडपणे मांडले.

त्याचा परिणाम ताळेबंदात वाचावा. २०२३-२४ मध्ये भेट देणारे सुमारे पावणेतीन कोटी, म्हणजे उच्चांकापेक्षा पंधरा टक्क्यांनी कमी. माणशी खर्च मात्र ११,८०० येनच्या आसपास होता तो १६,६०० येनवर गेला. उलाढाल आणि नफा दोन्ही विक्रमी झाले. गिऱ्हाईक कमी, गल्ला जास्त. ज्यांनी दुकान चालवले आहे त्यांना यात चमत्कार दिसणार नाही. धैर्य मात्र दिसेल. उंबऱ्यावर आलेले गिऱ्हाईक परत पाठवणे व्यापाऱ्याच्या स्वभावात बसत नाही.

हा वाढीव खर्च येतो कोठून? प्रवेशापासून सुरुवात होते. १९८३ मध्ये सर्व खेळांसह दिवसाचे तिकीट ३,९०० येन होते. मार्च २०२१ पासून दिवसानुसार दर लागू झाले आणि ऑक्टोबर २०२३ पासून प्रौढांचे तिकीट दिवस पाहून ७,९०० ते १०,९०० येन, म्हणजे वरच्या टोकाला सुमारे सहा हजार रुपये झाले. आणि मे २०२२ पासून ‘प्रीमियर अ‍ॅक्सेस’ सुरू झाला. एका खेळासाठी वेगळे पैसे द्या आणि ठरावीक वेळी लहान रांगेतून आत जा. जुना फास्टपास सर्वांना फुकट होता, हा विकत आहे.

पहिल्या दोन गोष्टींना माझी संमती आहे. गर्दीच्या दिवशी अधिक दर, शांत दिवशी कमी दर, यात ज्याला सवड आहे त्याला पैसे वाचवण्याची संधी राहते. आपल्याकडचा कापडव्यापारीही दिवाळीनंतर भाव उतरवतोच. पण लहान रांग विकण्याची पद्धत मला खटकते. रांगेत वेळ ही एकमेव चलनी नाणी असते, आणि ती सर्वांकडे सारखी असते. मजुराचा तास आणि शेठजींचा तास साठ मिनिटांचाच. ज्या क्षणी दुसरे दार उघडते त्या क्षणी पहिल्या दारातील माणसाचा तास स्वस्त होतो. शिवाय त्या दुसऱ्या दाराला मोल यावे म्हणून पहिली रांग लांब राहणे चालकाच्या सोयीचे ठरू शकते. मी कोणावर आरोप करीत नाही, प्रलोभन कोठे आहे तेवढे दाखवतो. जावयांचे मत माझ्या विरुद्ध आहे. ते म्हणाले, “बाबा, वर्षातून एक दिवस मिळतो. सहा वर्षांच्या मुलीला दोन तास उभे करण्यापेक्षा दोन हजार येन परवडतात.” त्यांचा युक्तिवाद त्यांच्या पगारात बसतो. त्याच रांगेत तीन मुलांना घेऊन आलेले जे जपानी जोडपे होते, त्यांना पाच जणांचे दहा हजार येन कसे वाटले असते, हे त्यांनाच ठाऊक.

समतोल राखण्याचा प्रयत्न कंपनीनेही केला आहे. जुलै २०२३ मध्ये, चाळिसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने, काही खेळांसाठी विनामूल्य ‘प्रायॉरिटी पास’ सुरू करण्यात आला. तरीही येणाऱ्यांमध्ये तरुणांचा वाटा घटून चाळिशीपुढच्यांचा वाटा वाढत असल्याचे कंपनीच्याच आकडेवारीत दिसते. जपानमध्ये जन्मदर घटतो आहे हे त्याचे एक कारण असेल. विद्यार्थ्यांच्या खिशाचा विचार मात्र त्यात आहेच. शाळेची सहल संपल्यावर गणवेशात हिंडणाऱ्या मुलींचे घोळके हे येथले नेहमीचे दृश्य आहे, आणि ते तसेच राहावे असे वाटते.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यातील ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्यावरील ओबोनचे दिवस, मार्चमधील शाळांची सुट्टी आणि वर्षअखेर हा काळ टाळावा. जूनमधील पावसाळी मंगळवार-बुधवार चांगले. दारातून आत शिरल्यावरचा बाजाराचा रस्ता काचेच्या छताखाली आहे, आणि मोठे खेळही बरेचसे बंदिस्त आहेत. ‘पूज हनी हंट’ हा मधाच्या मडक्यांचा खेळ लहान मुलांसाठी उत्तम, म्हणून सकाळी पहिला घ्यावा. घरचा जेवणाचा डबा आत नेता येत नाही. आपल्यासारख्या, बाहेरचे मोजकेच चालणाऱ्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवावे. प्रवेशद्वाराबाहेर बसून खाण्यासाठी स्वतंत्र जागा केलेली आहे. दुपारी बाहेर येऊन तेथे दशमी-चटणी खावी आणि पुन्हा आत जावे. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या मेजावर पुण्याचे एक कुटुंब खाकऱ्याचे पाकीट उघडून बसले होते. ओळख पटायला पाकीट पुरेसे झाले.

तिकिटे दोन महिने आधी विक्रीस निघतात, जपानी वेळेनुसार दुपारी दोन वाजता. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा झालेले असतात.